मेंदूचा मुका मार

१७ ऑगस्ट २०१९. लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर अ‍ॅशेस मालिकेतला दुसरा कसोटी सामना सुरू होता. ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ ८० धावांवर खेळत असताना जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू त्याच्या डाव्या कानाखाली, मानेवर आदळला आणि स्मिथ खेळपट्टीवर आडवा झाला. संघाच्या डॉक्टरांनी त्याला आत नेऊन तपासले. ठरलेल्या सगळ्या चाचण्यांत तो उत्तीर्ण झाला. पाऊण तासाने तो पुन्हा फलंदाजीला उतरला आणि आणखी १२ धावा जोडून ९२ वर बाद झाला. सगळ्यांना हायसे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्मिथ उठला तो डोकेदुखी आणि गुंगी घेऊनच. पुन्हा तपासणी झाली आणि त्याला सामन्यातून बाहेर काढण्यात आले. त्याच्या जागी आलेला मार्नस लाबुशेन हा कसोटी क्रिकेटमधला पहिला ‘कन्कशन’ बदली खेळाडू ठरला. आयसीसीचा हा नियम त्याच महिन्याच्या १ तारखेपासून लागू झाला होता. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये कॅनबेरा येथे रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू लागला, त्याच्या जागी युजवेंद्र चहल आला आणि त्याने ३ बळी घेतले, तेव्हा हा शब्द आपल्याकडेही घरोघरी पोचला. पण त्या वेळी चर्चा रंगली ती बदली खेळाडू देणे योग्य होते की नाही, याचीच. कन्कशन म्हणजे नेमके काय आणि ते शाळकरी मुलांनाही होते का, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

लॉर्ड्सवरच्या प्रसंगातून एक गोष्ट स्पष्ट होते. जगातल्या अव्वल फलंदाजाची मेंदूची दुखापत, प्रशिक्षित डॉक्टर शेजारी असूनही, पहिल्या दिवशी चाचणीत सापडली नाही. मग जिथे डॉक्टर सोडाच, प्रथमोपचाराची पेटीही नसते, अशा शाळेच्या मैदानावर तेरा वर्षांच्या मुलाच्या डोक्याला मार बसला, तर तो पुढे खेळू शकतो की नाही हे कोण ठरवते? बहुतेक वेळा ते मूलच ठरवते. ‘काय रे, बरा आहेस ना?’ ‘हो सर.’ एवढ्यावर खेळ पुन्हा सुरू होतो. सगळा धोका या दोन वाक्यांत आहे.

आत नेमके काय होते?

कन्कशनला मराठीत ‘मेंदूला बसलेला हादरा’ म्हणता येईल. पण आपल्याकडे त्याहून चपखल शब्द आधीपासून आहे, तो म्हणजे मुका मार. वर जखम नाही, रक्त नाही, सूजही असेलच असे नाही. पण आत मार बसलेला असतो.

मेंदू हा अतिशय मऊ अवयव आहे. कवटीच्या आत तो द्रवात जणू तरंगत असतो. धावत्या एसटीने करकचून ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे फेकले जातात, तसे डोक्याला अचानक हिसका बसला की मेंदू आतल्या आत हलतो, पिळला जातो. त्यासाठी डोक्यावरच फटका बसायला हवा असेही नाही. छातीवर किंवा खांद्यावर जोराची धडक बसून मान झटक्यात फिरली, तरी पुरते. या हिसक्याने चेतापेशींचे लांब, नाजूक तंतू ताणले जातात. पेशींमधले पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते. हा बिघडलेला तोल सावरण्यासाठी पेशींना नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. घर पाहुण्यांनी भरलेले आणि नळाला पाणी अर्धेच, अशी ही स्थिती असते. ती काही दिवस, कधी काही आठवडे टिकते.

हा बिघाड पेशींच्या कामकाजातला असतो, रचनेतला नसतो. म्हणून कन्कशन सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. स्कॅन करतात ते कवटीचे हाड मोडलेले नाही ना, आत रक्तस्राव नाही ना, हे पाहण्यासाठी. ती तपासणी जिथे गरज आहे तिथे जीव वाचवते. पण ‘स्कॅन नॉर्मल’ याचा अर्थ ‘रक्तस्राव नाही’ एवढाच असतो. ‘उद्यापासून खेळायला हरकत नाही’ असा नसतो. पालकांची सर्वाधिक गल्लत इथेच होते.

दुसरी गल्लत शुद्ध हरपण्याबाबत होते. ‘बेशुद्ध झाला नाही, म्हणजे काही विशेष नाही,’ असे सर्रास समजले जाते. प्रत्यक्षात खेळातल्या दहापैकी सुमारे नऊ कन्कशनमध्ये खेळाडूची शुद्ध हरपतच नाही. तो उठतो, कपडे झटकतो आणि जागेवर जाऊन उभा राहतो. फक्त त्याला आपली जागा कोणती ते पटकन आठवत नाही.

मोठ्यांपेक्षा मुलांना हा धोका अधिक असतो. शरीराच्या मानाने मुलांचे डोके मोठे आणि मानेचे स्नायू कोवळे असतात, त्यामुळे हिसका जास्त बसतो. शिवाय मेंदूची घडण पौगंडावस्थेतही चालूच असते. सावरायलाही मुलांना वेळ लागतो; चार आठवड्यांपर्यंत लक्षणे राहणे मुलांमध्ये नेहमीचेच मानले जाते.

रोवनची गोष्ट

खेळू की नको, हा निर्णय मुलांवर सोडला की काय होऊ शकते, याचे सर्वात दुःखद उदाहरण कॅनडाचे आहे. ओटावा शहरातली रोवन स्ट्रिंगर ही १७ वर्षांची मुलगी शाळेच्या रग्बी संघाची कर्णधार होती. मे २०१३ च्या पहिल्या आठवड्यात, एका सामन्यात तिच्या डोक्याला मार बसला. दोन-तीन दिवसांनी पुढच्या सामन्यात पुन्हा बसला. तिचे डोके दुखत होते. आपल्याला कन्कशन झाले असावे, अशी शंका तिने मित्रमैत्रिणींना मोबाइलवरच्या संदेशांत बोलून दाखवली होती. इंटरनेटवर तिने त्याची माहितीही शोधली होती. तरीही ८ मे रोजी ती तिसरा सामना खेळायला उतरली. त्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याने तिला पाडले, ती जोरात आपटली आणि बेशुद्ध झाली. चार दिवसांनी, १२ मे रोजी, तिचा मृत्यू झाला. तो मातृदिन होता.

या मृत्यूची २०१५ मध्ये ज्युरीसमोर रीतसर चौकशी झाली. तिच्यातून पुढे आलेली बाब विचार करायला लावणारी आहे. रोवनला शंका होती, तिच्या मित्रमैत्रिणींना ठाऊक होते. पण तिला थांबवू शकेल अशा एकाही मोठ्या माणसाला ते कळले नव्हते. माहिती होती, ती योग्य ठिकाणी पोचली नाही. ज्युरीने ४९ शिफारशी केल्या आणि २०१८ मध्ये ओंटारिओ प्रांताने ‘रोवन्स लॉ’ हा कायदा केला. खेळाडूंनी, मूल अठरा वर्षांखालील असेल तर त्याच्या पालकांनी आणि प्रशिक्षकांनी दरवर्षी कन्कशनची माहिती वाचणे त्यात बंधनकारक केले. कन्कशनची नुसती शंका आली तरी खेळाडूला ताबडतोब बाहेर काढायचे आणि वैद्यकीय परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही, हा त्या कायद्याचा गाभा आहे.

अमेरिकेत हे पाऊल आधीच पडले होते. २००६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातला १३ वर्षांचा एक शाळकरी फुटबॉलपटू पूर्वार्धात डोके आपटूनही उत्तरार्धात पुन्हा खेळला आणि सामना संपताच कोसळला. मेंदूवर शस्त्रक्रिया करून त्याला वाचवले, पण त्याला पुन्हा बोलायला आणि उभे राहायला शिकण्यात वर्षे गेली. २००९ मध्ये त्या राज्याने त्याच्या नावाने कायदा केला. २०१४ पर्यंत अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत या धर्तीचे कायदे झाले.

या सगळ्या कायद्यांचे सूत्र एकच आहे. खेळायचे की थांबायचे, हा निर्णय मुलाच्या हातून काढून घ्यायचा.

दुसरा मार

यामागे शास्त्रीय कारण आहे. पहिल्या हादऱ्यानंतर मेंदूची रक्तप्रवाह सांभाळण्याची यंत्रणा काही काळ ढिली पडलेली असते. तेवढ्यात दुसरा मार बसला, मग तो किरकोळ का असेना, तर क्वचित प्रसंगी काही मिनिटांत मेंदूला प्रचंड सूज येऊ शकते. कवटी हाडाची असल्याने सुजलेल्या मेंदूला पसरायला जागा नसते. असे फार विरळा घडते. पण घडते ते प्रामुख्याने किशोरवयीन आणि तरुण खेळाडूंमध्ये, आणि त्यातून वाचणे कठीण असते.

जिवावर बेतले नाही तरी किंमत मोजावीच लागते. ‘पेडियाट्रिक्स’ या बालवैद्यकाच्या नियतकालिकात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कन्कशन झालेल्या किशोरवयीन खेळाडूंचे दोन गट तपासले होते. मार बसताच जे मैदानाबाहेर गेले ते सरासरी २२ दिवसांत बरे झाले. जे खेळत राहिले त्यांना सरासरी ४४ दिवस लागले. म्हणजे ‘एवढा डाव खेळून घेतो’ याची किंमत सुमारे तीन आठवडे. मूल संघासाठी म्हणून खेळत राहते आणि पुढचे सामने संघाला त्याच्याविनाच खेळावे लागतात.

आपली मैदाने, आपले खेळ

रग्बी आणि अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे फारसे खेळले जात नाहीत, म्हणून हा विषय परका ठरत नाही. कबड्डीत पकड करायला धावलेल्या दोन बचावपटूंची डोकी एकमेकांवर आदळतात. सुटू पाहणाऱ्या चढाईपटूचा गुडघा कपाळावर बसतो. खो-खोत सूर मारताना खांबाशी टक्कर होते. कुस्तीत डाव पडताना डोके आधी टेकते. फुटबॉलमध्ये उंच चेंडूवर झेप घेताना डोक्याला डोके किंवा कोपर लागते. शहरांतल्या मैदानांवर शेजारी शेजारी अनेक सामने चालू असतात आणि एका सामन्यातल्या क्षेत्ररक्षकाला दुसऱ्याच सामन्यातला चेंडू पाठीमागून येऊन लागू शकतो. दहीहंडीत सर्वात वरच्या थरावर चढायला सर्वात हलका, म्हणजे सर्वात लहान गोविंदा लागतो. १४ वर्षांखालील मुलांना थरांत घेणार नाही, असे राज्य सरकारने २०१७ मध्ये उच्च न्यायालयात सांगितले होते, ते या धोक्यामुळेच. पण चौदा पूर्ण झाली म्हणून मेंदू काही पक्का होत नाही.

आणि दुखणे लपवायला आपल्या मुलांकडे कारणेही भरपूर आहेत. शालेय स्पर्धांत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी एकेक पायरी चढायची असते. एक सामना हुकला की वर्ष गेले. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण असतात. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण असते. लहान गावातल्या मुलीला कबड्डी खेळायला मिळते आहे तेच मोठ्या मिनतवारीने. ‘डोके दुखते’ म्हटले तर घरचे खेळच बंद करतील, ही तिची भीती खोटी नसते. वर ‘लागलंय कुठे? ऊठ, रडू नकोस’ हा मैदानावरचा नेहमीचा मंत्र. अशा मुलाला ‘बरा आहेस ना?’ असे विचारणे म्हणजे उत्तर आधीच सांगून ठेवण्यासारखे आहे.

मैदानावर काय पाहावे?

कन्कशन ओळखायला यंत्र लागत नाही, लक्ष लागते. मूल पडल्यावर क्षणभर निपचित राहिले, उठताना झोकांड्या खाल्ल्या, डोके धरून बसले, नजर शून्यात लागली, उत्तर द्यायला वेळ लावू लागले, विरुद्ध बाजूला धावले, यातले काहीही दिसले तर शंका घ्यावी. मूल स्वतः डोकेदुखी, डोके जड होणे, चक्कर, मळमळ, अंधुक दिसणे, उजेड किंवा आवाज सहन न होणे, ‘कसंतरीच होतंय’ अशी तक्रार करते. चिडचिड किंवा विनाकारण रडू येणे हेही लक्षणच असते.

ऑस्ट्रेलियातील संशोधक डेव्हिड मॅडॉक्स यांच्या अभ्यासातून आलेले काही साधे प्रश्न जगभर विचारले जातात. आपण आत्ता कुठल्या मैदानावर आहोत? पहिला डाव चालू आहे की दुसरा? शेवटचा गुण कोणी मिळवला? मागचा सामना कोणाशी झाला? तो आपण जिंकलो का? यातले एक उत्तर चुकले तरी शंका पक्की समजावी. मात्र सगळी उत्तरे बरोबर आली म्हणून कन्कशन नाही, असे ठरत नाही. स्मिथचे उदाहरण त्यासाठीच लक्षात ठेवायचे. लक्षणे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होतात.

म्हणून नियम एकच : शंका आली की त्या दिवसापुरता खेळ बंद. पाणी मारून, बर्फ लावून, दहा मिनिटे बसवून पुन्हा उतरवायचे नाही. अंतिम सामना असला तरी नाही.

काही खुणा मात्र थेट रुग्णालय गाठण्याच्या आहेत : वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, झटके, बेशुद्धी किंवा वाढती गुंगी, मूल ओळखेनासे होणे किंवा असंबद्ध बोलणे, एकाची दोन दिसणे, हातापायात अशक्तपणा वा मुंग्या, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव किंवा रक्त येणे. अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करावा. मान दुखत असेल किंवा मूल बेशुद्ध असेल तर त्याला ओढून उठवू नये, हेल्मेट काढू नये, पाणी पाजू नये. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये. श्वास चालू आहे ना याकडे मात्र सतत लक्ष ठेवावे.

घरी आणल्यावर

पहिले २४ तास मुलाला एकटे सोडू नये. डॉक्टरांनी तपासले असेल आणि वरच्या धोक्याच्या खुणा नसतील तर त्याला झोपू द्यावे. दर तासाला हलवून जागे करण्याची जुनी पद्धत आता सांगितली जात नाही. डोकेदुखीसाठी डॉक्टरांना विचारून वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावे. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने देऊ नयेत.

विश्रांतीविषयीचा सल्लाही बदलला आहे. पूर्वी अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहायला सांगत. २०२२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे झालेल्या खेळातील कन्कशनविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेने असे बंदिस्त राहणे उपयोगाचे नसल्याचे स्पष्ट केले. पहिले एक-दोन दिवस सावकाश राहायचे, मोबाइल-टीव्ही कमी करायचा, घरातली रोजची हलकी कामे आणि थोडे चालणे चालू ठेवायचे. त्यानंतर हळूहळू हालचाल वाढवायची.

आधी शाळा, मग खेळ, हा क्रम पाळावा. सुरुवातीला अर्धा दिवस शाळा, मध्ये विश्रांती, लेखी काम कमी, अशी सवलत शिक्षकांनी द्यावी. हातात प्लास्टर असलेल्या मुलाला कोणी ‘लिही’ म्हणत नाही. कन्कशन झालेल्या मुलाचे प्लास्टर दिसत नसते, एवढाच फरक.

खेळाकडे परतण्याच्या पायऱ्या सहा आहेत : रोजचे हलके व्यवहार, चालणे किंवा सायकल असा सौम्य व्यायाम, खेळाशी संबंधित एकट्याचा सराव, धडक नसलेला संघाचा सराव, डॉक्टरांच्या परवानगीनंतर पूर्ण सराव, आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान २४ तास द्यावेत. धडक बसू शकेल अशा पायरीवर जाण्याआधी लक्षणे पूर्ण गेलेली असावीत आणि पुन्हा उद्भवली तर मागे यावे. ब्रिटनने २०२३ मध्ये हौशी खेळाडूंसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, सामन्यात परतण्याआधी किमान २१ दिवस जाऊ द्यावेत, असे म्हटले आहे. जिथे मैदानावर डॉक्टर नसतात तिथे असा ठोक आकडा सोयीचा आणि सुरक्षित ठरतो.

हेल्मेटविषयीही गैरसमज नको. १९६२ मध्ये बार्बाडोसला नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू बसला, कवटी मोडली, शस्त्रक्रिया झाल्या. ते वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. त्या काळी हेल्मेट नव्हते. आज ते आहे आणि कवटी मोडण्यापासून ते नक्की वाचवते, म्हणून सरावातही घातलेच पाहिजे. पण आतला मेंदू हलण्यापासून हेल्मेट पूर्णपणे वाचवू शकत नाही. जडेजाच्या डोक्यावर हेल्मेट होतेच.

हे वाचून मुलांचे खेळ बंद करू नयेत. मैदान सोडून मोबाइल घेऊन बसलेल्या मुलाचे नुकसान कन्कशनच्या धोक्याहून कितीतरी मोठे आहे. योग्य वेळी थांबवलेली बहुतेक मुले पूर्ण बरी होतात आणि पुन्हा खेळतात. प्रश्न फक्त थांबवणार कोण, हा आहे. मोसम सुरू होण्यापूर्वी क्रीडाशिक्षकाने सगळ्या मुलांना एकत्र बसवून दोन गोष्टी सांगाव्यात : डोक्याला लागले तर सांगायचे आणि सांगितले म्हणून संघातली जागा जाणार नाही. सोबत्याला लागलेले दिसले तर तेही सांगायचे. ती चुगली नव्हे. पालकांनी शिबिरात नाव घालताना फी आणि गणवेशासोबत एवढे विचारावे, ‘डोक्याला मार लागला तर तुम्ही काय करता?’ याला खर्च शून्य आहे. रोवनच्या मित्रमैत्रिणींना जे ठाऊक होते ते एका मोठ्या माणसापर्यंत पोचले असते, तर ८ मेचा सामना तिने मैदानाबाहेर बसून पाहिला असता.